अक्षरं चेपू नका! व्हेरिएबल फाँट मराठीसाठी कसे वापरताय?

कानामात्रा

नमस्कार मंडळी,

आमच्या पेठेतल्या एका मंडळाचा अहवाल परवा छापून हातात आला. आतली मांडणी माझी. सोळाव्या पानावर 'गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार समारंभ' असं शीर्षक आहे. मी ते दोन ओळींत लावलं होतं. ऐनवेळी त्याच पानावर एक जाहिरात वाढली, जागा कमी पडली, आणि छापताना कुणीतरी ते एका ओळीत आणून आडवं ७० टक्क्यांवर चेपलं. पान उघडल्यावर आधी नेमकं काय झालंय ते कळेना, नुसतं डोळ्यांना खुपत होतं. मग भिंग लावून बघितलं. काने बारीक झालेत, शिरोरेषा मात्र जशीच्या तशी जाड. 'द्या'मधली पोकळी मिटत आलीय. 'र्थ्यां'वरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटलेत. काटक्यांवर तुळई ठेवावी तशी सगळी ओळ दिसते. फार वाईट वाटलं. दीडशे मुलांची नावं त्या शीर्षकाखाली आहेत, घरोघरी ते पान जपून ठेवलं जाणार.

असं का होतं? आडवं चेपलं की फक्त उभ्या रेघा बारीक होतात. १०० एकक जाडीचा काना ७० वर येतो. शिरोरेषेची जाडी वरून खाली मोजायची, त्यामुळे तिला धक्काही लागत नाही. म्हणजे अक्षर काढणाऱ्याने या दोन्हींचा जो तोल साधला होता तो गेला. रोमन अक्षरं चेपली तरी हेच होतं, पण तिथे प्रत्येक शब्दाच्या डोक्यावरून सलग आडवी पट्टी जात नाही. आपल्याकडे जाते, म्हणून बिघाड लगेच दिसतो.

आणखी एक. रोमनमध्ये ओळ बसवायला अक्षरांमधलं अंतर थोडं इकडेतिकडे करता येतं. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, कमी केलं की एकाचा काना दुसऱ्याच्या पोटात घुसतो. ओळ बसवायचे उपाय आपल्या हातात मुळातच कमी. त्यामुळे माझं ठाम मत झालंय की व्हेरिएबल फाँटची गरज रोमनपेक्षा आपल्याला जास्त आहे. तीही जाडीसाठी नव्हे, रुंदीसाठी.

ज्यांनी अजून वापरले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमी आपण रेग्युलर, बोल्ड (जाड), कंडेन्स्ड (अरुंद) अशा वेगवेगळ्या फाइली टाकतो. व्हेरिएबल फाँट ही एकच फाइल. अक्षराच्या बाह्यरेषेवरचा प्रत्येक बिंदू बारीक रूपातून जाड रूपाकडे, किंवा रुंदातून अरुंदाकडे जाताना कुठे सरकतो ते तिच्यात नोंदवलेलं असतं. मधलं हवं ते रूप सॉफ्टवेअर तिथल्या तिथे काढतं. या प्रवासाच्या वाटेला अक्ष म्हणतात. जाडी, रुंदी, तिरकेपणा, इटॅलिक आणि आकारानुरूप बदल हे पाच अक्ष प्रमाणित आहेत, शिवाय फाँट करणाऱ्याला स्वतःचे अक्षही ठेवता येतात. ॲडोबी, ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून सप्टेंबर २०१६ मध्ये वॉर्सा इथे ओपनटाइप १.८ हे फाँटचं प्रमाण जाहीर केलं, त्यात हे आलं. कल्पना त्याआधीची. ॲडोबीचे मल्टिपल मास्टर आणि ॲपलचं ट्रूटाइप जीएक्स नव्वदच्या दशकातले.

रुंदीच्या अक्षावर अक्षर चेपलं जात नाही. अरुंद रूप रेखाटणाऱ्याने स्वतः काढलेलं असतं. कान्याची जाडी राखलेली असते, पोकळ्या मोकळ्या ठेवलेल्या असतात, वेलांटीचा पल्ला नव्या रुंदीला जुळवलेला असतो.

मी सध्या मुंबईच्या एक टाइपचा 'अनेक देवनागरी' वापरतेय. जाडी १०० ते ८०० (४०० म्हणजे रेग्युलर), रुंदी ७५ ते १२५ (१०० म्हणजे नेहमीची). 'नोटो सान्स देवनागरी'लाही रुंदीचा अक्ष आहे, ६२.५ ते १००. 'बालू २' व्हेरिएबल आहे, पण त्यात फक्त जाडी बदलते. तिन्ही मोफत. काल रात्री तेच शीर्षक 'अनेक'मध्ये रुंदी ७८, जाडी ६५० वर लावून बघितलं. एका ओळीत बसलं आणि भिंगाखाली रफार न् अनुस्वार वेगळे दिसले.

आता माझी अडचण. माझ्या मशीनवर सगळं छान दिसतं. पण छापखान्यात फाइल गेली की पुढे काय? तुम्ही कशी पाठवता?

सिंहगड_रोड

ताई, लेख वाचून लगेच 'अनेक' उतरवून घेतला. पण मला यादीत नेहमीसारखी नावंच दिसतात, थिन, लाइट, मीडियम वगैरे. सरकपट्टी कुठे आहे? इलस्ट्रेटर वापरतो.

कानामात्रा

ती नावं म्हणजे वाटेवरचे थांबे, फाँट करणाऱ्याने आधीच ठरवून दिलेले. मधे कुठेही उतरायचं असेल तर इलस्ट्रेटरमध्ये कॅरेक्टर पॅनेलवर फाँटच्या नावाजवळ व्हेरिएबलचं छोटं चिन्ह येतं, त्यावर क्लिक करा, पट्ट्या उघडतील. फोटोशॉपमध्ये त्या प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये असतात. ही दोन्ही २०१८ च्या आवृत्तीपासून, इनडिझाइन २०२० पासून. कोरलड्रॉलाही २०२० पासून आहे. ॲफिनिटीला २.५ मध्ये आलं. इंकस्केप १.० पासून करतं आणि ते फुकट आहे, टेक्स्ट अँड फाँटच्या खिडकीत खाली पट्ट्या असतात.

चिन्हच दिसत नसेल तर एक तपासा. गूगलवरून उतरवलेल्या झिपमध्ये मुख्य फाइलबरोबर 'स्टॅटिक' नावाचा फोल्डर असतो. दोन्ही टाकलेत का? दोन्हींची नावं सारखी, त्यामुळे सॉफ्टवेअरचा गोंधळ होतो. एकच ठेवा.

सिंहगड_रोड

दोन्ही टाकले होते! स्टॅटिक काढले, आता दिसतंय. अर्धा तास नुसता पट्टी सरकवत बसलोय. 'क्ष' अरुंद होताना बघायला फार छान वाटतं.

शाईपेठ

नारायण पेठेत ऑफसेट छापखाना आहे, वडिलांपासून. छापखान्याची बाजू सांगतो.

आमच्याकडे फाइल येते रात्री नऊला, छपाईची प्लेट काढायची असते अकराला. फाइल उघडली आणि फाँट नाही असा संदेश आला की ऑपरेटर हाताशी जे असेल ते लावतो. मग मजकूर वाहून जातो, ओळ वाढते आणि तो ती चेपतो. दुष्टपणा नसतो हो त्यात. सकाळी मंडळाचे कार्यकर्ते दारात उभे असतात.

व्हेरिएबलचा प्रश्न असा की तुमच्याकडे रुंदी ७८ आहे आणि माझ्याकडे त्याच नावाचा साधा फाँट आहे. सॉफ्टवेअरला नाव सापडतं, रुंदी सापडत नाही. हा धोका फाँट न सापडण्यापेक्षा मोठा, कारण कधी कधी लक्षातच येत नाही. म्हणून आमच्याकडे उघडी (ज्यात बदल करता येतात अशी) फाइल पाठवूच नका. पीडीएफ पाठवा. पीडीएफमध्ये व्हेरिएबल फाँट जसाच्या तसा जात नाही, निर्यात करताना निवडलेलं रूप गोठवून आत बसवलं जातं. त्यामुळे प्लेटवर काही फरक पडत नाही. मी स्वतः इनडिझाइनवरून आलेल्या अशा फाइली छापल्यात, एकदाही अडचण आली नाही.

कोरलवाले 'कर्व्ह करून द्या' म्हणतात ना, म्हणजे अक्षरांचे नुसते रेघांचे आकार करून, तेही चालतं. पण मोठ्या मजकुराला करू नका. कर्व्ह केलेल्या मजकुरात आयत्या वेळी शुद्धलेखनाची एक चूकही सुधारता येत नाही. शीर्षकं कर्व्ह करा, मजकूर पीडीएफमध्ये फाँटसकट द्या.

ताई, तुमच्या शीर्षकाचं ज्याने केलं ते चूकच. निदान फोन करायला हवा होता.

रेडियम_कटिंग

कर्व्हवरून माझा अनुभव, नवीन लोकांचं नुकसान वाचेल म्हणून सांगतो.

टेम्पोच्या काचेवर नाव करायचं होतं, 'माउलींची कृपा'. मुलाने व्हेरिएबल फाँटमध्ये लावलं, कर्व्ह केलं, फाइल प्लॉटरला (रेडियम कापायच्या यंत्राला) दिली. प्लॉटरने प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी कापली आणि 'क'चा दांडा त्याच्या पोटातून आरपार कापला. रेडियम सोलायला घेतलं तर बारीक तुकडे हातात. रोलचा दीड फूट वाया गेला.

कारण नंतर कळलं. अशा फाँटात एकाच अक्षराचे भाग बऱ्याचदा एकमेकांवर चढलेले ठेवतात, कारण जाडी बदलताना ते नीट सरकतात. भरलेला रंग असेल तर दिसत नाही. बाहेरची रेघ दिली, पारदर्शकता दिली किंवा कटिंगला दिलं की आतल्या रेघा उघड्या पडतात. शिरोरेषेचे सांधे तर साध्या फाँटातही एकमेकांवर असतात. त्यामुळे कर्व्ह केल्यावर कोरलमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट करून भाग एकजीव केल्याशिवाय पुढे जायचंच नाही. त्यानंतर वायरफ्रेम (नुसत्या बाह्यरेषा दाखवणारं दृश्य) लावून एकदा बघायचं. आता मुलाने संगणकाशेजारी चिठ्ठी लावलीय.

अर्धा_र

चर्चेत एक गोष्ट राहू नये असं मनापासून वाटतं. रुंदी-जाडीच्या आधी अक्षरं मराठी आहेत का ते बघा.

'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं वेगळी आहेत. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही ती दिलेली आहेत. बऱ्याच देवनागरी फाँटांत आधी हिंदी वळण येतं. मराठी वळण आत असलं तरी मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधली भाषा मराठी करा. वेळ जातो पाच सेकंद.

दुसरं, 'दऱ्या', 'तऱ्हा', 'गोऱ्हा' टाइप करून बघा. अर्ध्या 'र'ची ती आडवी छोटी कमान नीट येते का? आणि 'ॲ'? शीर्षकापुरता सुंदर वाटलेला फाँट इथे दगा देतो आणि तेव्हा चाळीस पानं लावून झालेली असतात.

तिसरं, ॲडोबीमध्ये वेलांटी अक्षराच्या मागे पडत असेल किंवा जोडाक्षरं पाय मोडून दिसत असतील तर दोष फाँटचा नाही. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा. इलस्ट्रेटरला आधी प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक पर्याय दाखवायला सांगायचे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही टाइपच्या प्रेफरन्सेसमध्येच वर्ल्ड-रेडी लेआउट होतं.

आणि व्हेरिएबलपुरतं खास: पट्टी दोन्ही टोकांना नेऊन 'र्कीं', 'र्ज्यां', 'स्त्रिं' बघा. मात्रा आणि रफार कुठे बसवायचे त्या जागाही अक्षाबरोबर सरकाव्या लागतात. एका जुन्या आवृत्तीत मला अक्षर जाड झालेलं आणि अनुस्वार बारीक अक्षराच्याच जागी राहिलेला दिसला होता. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर बरोबर झालं.

खिळेजुळणी

मी सदाशिव पेठेत एका मुद्रणालयात एकवीस वर्षं खिळे (शिशाचे सुटे टाइप) जुळवले. संगणकाचं फारसं कळत नाही, नातीने हा धागा वाचून दाखवला.

शिशाचा खिळा चेपता येत नसे. ओळ बसली नाही तर तीनच रस्ते. लहान मापाचे खिळे घ्या, ओळ मोडा, नाहीतर संपादकांकडे जाऊन शब्द बदलून आणा. आम्ही बहुतेक वेळा तिसरा रस्ता धरत असू, आणि संपादकही ऐकत. कानामात्रा बाई, तुमच्या शीर्षकात 'सत्कार' आहे आणि 'समारंभ'ही आहे. 'गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार' एवढं पुरे होतं. ओळ तिथेच बसली असती.

देवनागरीला खिळे फार लागत. जोडाक्षरं, मात्रा लागलेली अक्षरं, सगळ्यांची वेगळी घरं. लोकमान्यांनीसुद्धा केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता. आता एका फाइलमध्ये सगळ्या जाड्या, सगळ्या रुंद्या मावतात हे ऐकून फार आनंद झाला. आमच्याकडे एका जाडीची एक केस (खिळ्यांची कप्प्यांची पेटी), आणि ती उचलायला दोन माणसं लागत.

कानामात्रा

काका, नमस्कार. तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मी रात्रभर फाँट शोधत बसले आणि शब्दाकडे बघितलंच नाही. पुढच्या कामात आधी मजकूर, मग रुंदी.

आर्टपेपर

सगळे रुंदीवर बोलताहेत, पण जाडीच्या अक्षाचाही छपाईत मोठा उपयोग आहे. मी लग्नपत्रिका आणि छोटी पुस्तकं करतो.

मॅपलिथो (बिनचकाकीचा साधा) कागद शाई पितो, ती कडेने थोडी पसरते. चकचकीत आर्ट पेपरवर तितकी पसरत नाही. त्यामुळे एकच जाडी दोन्ही कागदांवर दोन वेगळ्या जाड्या दिसते. पूर्वी रेग्युलर नाहीतर लाइट एवढंच हातात होतं आणि दोन्हींपैकी एकही बरोबर नसायचं. आता मॅपलिथोला ३८० आणि आर्ट पेपरला ४१० असं ठेवतो. आकडे माझ्या छापखान्यापुरते, तुमचे तुम्ही प्रूफ काढून ठरवा.

गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर जास्त सांभाळा. पडद्यावर पांढरं अक्षर फुगल्यासारखं दिसतं, म्हणून वाटतं जाडी कमी करावी. छापताना उलट होतं. भोवतालची शाई अक्षरात शिरते आणि ते बारीक होतं. मरून रंगाच्या पत्रिकेवर पांढऱ्या अक्षरात कुलदैवताचं नाव होतं, पडद्यावर बघून जाडी ३५० केली आणि छापून आल्यावर 'श्री'मधली बारीक रेघ जागोजागी बुजली होती. पाचशे पत्रिका पुन्हा छापून दिल्या. तेव्हापासून छपाईत पांढऱ्या अक्षराला मी जाडी वाढवतो.

दोन_स्तंभ

अरुंद स्तंभांसाठी रुंदीचा अक्ष वरदान आहे याला माझं अनुमोदन. त्रैमासिकाचं काम करते. मराठी शब्द प्रत्यय लागून लांब होतात, 'कार्यकर्त्यांसाठीसुद्धा' एवढा एक शब्द अर्धा स्तंभ खातो. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमध्ये भगदाडं पडतात. मजकूर रुंदी ९२ वर नेल्यावर ती बरीच बुजली आणि वाचणाऱ्या एकालाही फरक जाणवला नाही. जस्टिफिकेशनमध्ये लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडे शून्य ठेवा, नाहीतर इनडिझाइन स्वतःच अक्षरांमधलं अंतर वाढवून शिरोरेषा तोडतं.

पण एक तक्रार करायची आहे, धाग्याच्या मुद्द्याच्या थोडी विरुद्ध. पट्टी हातात आली की लोक प्रत्येक ओळीला वेगळी रुंदी देतात. परवा एक अंक बघितला, एकाच पानावर चार शीर्षकं चार रुंद्यांची. प्रत्येक ओळ काठोकाठ बसलेली, आणि पान अस्वस्थ करणारं. चेपलेलं अक्षर वाईटच, पण हेही वाईट. आमच्याकडे अंकाला तीनच रूपं ठरवलेली आहेत, मजकूर, मोठं शीर्षक, चौकटीतलं शीर्षक. त्यात बसत नसेल तर काकांनी सांगितलं तसं शब्द बदलतो.

कानामात्रा

हे मी वहीत लिहून घेतलं. पटतंय, कारण मीसुद्धा काल ७८, ८१, ८४ करत बसले होते.

पाषाण_तळं

@शाईपेठ यांनी मांडलेल्या धोक्यावर एक उपाय आहे. फाँटटूल्स नावाचं मुक्त साधन पायथनवर चालतं. त्यातल्या इन्स्टन्सरला फाइल दिली आणि 'रुंदी ७८, जाडी ६५०' सांगितलं की फक्त त्या रूपाचा साधा फाँट तयार करून मिळतो. एकमेकांवर चढलेले भाग एकजीव करायचा पर्यायही त्यात आहे, म्हणजे @रेडियम_कटिंग यांचं अर्धं काम तिथेच होईल. शिरोरेषेचे सांधे मात्र नंतर वेल्ड करावेच लागतील.

अशा फाँटला वेगळं नाव द्या, मूळ नावाशी गल्लत नको. ताईंनी सांगितलेले तिन्ही फाँट ओपन फाँट लायसन्सखाली असल्यामुळे बदल करायला आणि वाटायला परवानगी आहे. काही फाँटांच्या परवान्यात मूळ नाव राखीव असतं, तिथे तर नाव बदलणं बंधनकारकच. विकत घेतलेल्या फाँटचं असं करण्याआधी परवाना वाचा.

शाईपेठ

हे उत्तम. मंडळांचे नेहमीचे डिझायनर असा ठरलेला फाँट आमच्याकडे एकदाच देऊन ठेवतील तर रात्री नऊचा गोंधळच संपेल. पाषाण_तळं, एकदा प्रेसवर येऊन आमच्या ऑपरेटरला दाखवाल का? चहा आमच्याकडे.

पाषाण_तळं

शनिवारी येतो. दोन-चार जुन्या फाइली काढून ठेवा, ज्यांत ओळी चेपाव्या लागल्या होत्या.

कानामात्रा

ताजी खबर. मंडळाच्या अध्यक्षांशी बोलले, त्यांना भिंगातून पान दाखवलं. ते सोळावं पान वेगळं छापून सत्काराच्या दिवशी मुलांच्या प्रमाणपत्राबरोबर द्यायला तयार झाले. शाईपेठ, काम तुमच्याकडे आणतेय. शीर्षक 'गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार', रुंदी १००, जाडी ६५०, एका ओळीत, जाहिरातीसकट. पीडीएफ आज संध्याकाळी सातला पाठवते. कागद मॅपलिथो आहे, म्हणून खालच्या नावांची जाडी ३८५ ठेवलीय.

शाईपेठ

पीडीएफ मिळाली. प्रूफ काढलंय. 'र्थ्यां'वर रफार आणि अनुस्वार सुटे दिसताहेत. नावांच्या तिसऱ्या स्तंभात 'ऱ्हाटकर' आलंय तिथे अर्धा 'र' बरोबर उमटलाय. सकाळी दहाला येऊन सही करून जा, मग प्लेट काढतो.